खाडी आणि वस्ती : मिंढोळेच्या खोऱ्यातील एक अभ्यास

'खाडी' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा उभा राहतो. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, धरमतरची खाडी ही त्याची परिचित उदाहरणे होत. सुरतेकडे मात्र हा शब्द अधिक सैल अर्थाने योजला जातो. पूर्वेकडील शेतांत उगम पावून, शहरातून वाहत जाऊन, अखेर भरतीच्या पाण्यास मिळणाऱ्या ओढ्यालाही तेथे खाडीच म्हणतात. काकरा खाडी, मिठी खाडी, भेदवाड खाडी, कोयली खाडी, सिमाडा खाडी ही नावे सुरत शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. पावसाळ्यात ती भीतीने घेतली जातात, उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावून.

हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. वरच्या अंगास ओढा आणि खालच्या अंगास खरीखुरी खाडी अशी या प्रवाहांची दुहेरी प्रकृती आहे. वरून पावसाचे पाणी येते, खालून दिवसातून दोन वेळा समुद्र वर चढतो, आणि या दोहोंच्या मध्ये माणसांची वस्ती असते. अशा प्रवाहाचे पुनरुज्जीवन करावयाचे तर केवळ वस्तीपुरता विचार करून चालत नाही. ही गोष्ट समजण्यास मिंढोळा नदीचे खोरे आणि त्यातील बारडोली तालुका यांचा अभ्यास उपयोगी पडतो.

नदीची वाट

मिंढोळा ही तापीच्या दक्षिणेस तिला जवळजवळ समांतर वाहणारी लहान नदी. सोनगड तालुक्यात दोसवाड्याच्या परिसरात ती उगम पावते. व्यारा आणि बारडोली ही गावे तिच्या काठची. पुढे पलसाणा आणि चोर्यासी तालुक्यांतून जाऊन ती डुमसच्या दक्षिणेस अरबी समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे. तापीशी तुलना केली तर ती नगण्यच ठरेल, परंतु सुरत शहराच्या दक्षिण व पूर्व भागातील खाड्यांचे पाणी काकरा खाडीवाटे अखेर याच लहान नदीच्या मुखाकडे जाते. म्हणजे बारडोलीच्या उसाच्या मळ्यातून वाहणारे पाणी आणि सुरतेच्या लिंबायत भागातील चाळीमागून वाहणारे पाणी ही दोन्ही एकाच दाराने समुद्रात शिरतात. ते दार अडले की दोघांचीही अडचण होते.

बारडोलीची जमीन काळी व सपाट आहे. १९५४ मध्ये तापीवर काकरापार येथे बंधारा पूर्ण झाला आणि त्याच्या कालव्यांचे पाणी या भागात आल्यावर कापूस व ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. सहकारी साखर कारखाना निघाला. दरवर्षी हंगामात धुळे, नंदुरबार व डांग या जिल्ह्यांतून कोयते घेऊन हजारो ऊसतोड मजूर येथे येतात आणि ओढ्याकाठी, शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. सुरत–भुसावळ हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग बारडोलीवरूनच जातो. खानदेशातील माणूस याच मार्गाने ऊस तोडण्यासाठी बारडोलीस उतरतो, किंवा पुढे यंत्रमागावर काम करण्यासाठी उधना व लिंबायतकडे जातो. १ मे १९६० पर्यंत हा सर्व मुलूख मुंबई राज्याचाच भाग होता. सुरतेच्या खाड्यांचा प्रश्न मराठी वाचकास परका वाटू नये, याचे कारण या लोहमार्गाच्या डब्यांतच बसलेले आहे.

बारडोलीची चौकशी

बारडोलीचे नाव निघाले की १९२८ चा सत्याग्रह आठवतो. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. या लढ्याची पुढील हकिकत मात्र शाळेच्या पुस्तकात सहसा सविस्तर दिलेली नसते. तडजोडीनंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमण्यात आली. शेतकऱ्यांची बाजू मांडण्यास महादेव देसाई, नरहरी परीख आणि रामनारायण पाठक हे होते. समिती गावोगाव हिंडली. खंडाचे आकडे, खरेदीखते, जमिनीचा कस यांची शेतकऱ्यांसमक्ष तपासणी झाली, आणि मूळ अहवालातील अनेक आकडे प्रत्यक्ष पडताळणी न करताच धरले गेले होते, असे दिसून आले. वाढ २२ टक्क्यांवरून ६.०३ टक्क्यांवर आली.

पाण्याच्या प्रश्नास या चौकशीचे उदाहरण चपखल लागू पडते. कचेरीतील नकाशावर खाडी म्हणजे एक निळी रेघ असते. ती कोठे अरुंद झाली, कोणत्या पुलाच्या मोरीत गाळ साचला, कोणत्या कारखान्यामागे रात्री पाण्याचा रंग बदलतो, कोणत्या घरात पहिले पाणी शिरते, ही माहिती नकाशात नसते. ती काठावर राहणाऱ्यांना असते, आणि चालत गेलेल्या अधिकाऱ्यास मिळते. प्रवाहाच्या सुधारणेची कोणतीही योजना उगमापासून मुखापर्यंत पायी केलेल्या पाहणीने सुरू व्हावयास हवी. हे काम थोड्या खर्चाचे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते टाळले जाते.

ओढ्याचे गटार कसे झाले

१९६१ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या वर गेली. २००६ मध्ये शहराची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि २०२० मध्ये ती आणखी विस्तारली. या वाढीत पूर्वीची शेते, तलाव आणि ओढे शहराच्या पोटात गेले. शेतातील ओढ्यास पूर आला की पाणी दोन्ही काठांवर पसरते आणि दोन दिवसांत ओसरते, शेतकऱ्यास त्यात विशेष काही वाटत नाही. त्याच काठावर घरे उभी राहिल्यावर तेच पाणी आपत्ती ठरते. पाण्याने आपली सवय बदललेली नसते.

काठावर घरे उभी राहिली ती गरजेपोटी. मागावर काम करणाऱ्या कुटुंबास कारखान्याजवळ, परवडेल अशी जागा हवी होती. खाडीकाठची जमीन सखल व दुर्गंधीची म्हणून स्वस्त होती. मलनिःसारणाच्या नळ्या शहराच्या वाढीमागून रखडत आल्या, त्यामुळे घरांचे सांडपाणी खाडीत जाऊ लागले. रंगाई-छपाईच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचाही काही भाग शुद्ध न होता याच वाटेने गेला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपला की मासे मरतात, तळाचा गाळ कुजू लागतो आणि घाण वायू सुटतात. अशा पाण्यात जलपर्णी मात्र जोमाने वाढते. तिच्या हिरव्या गालिच्याखाली डास वाढतात आणि पावसाळ्याच्या तोंडी तीच जलपर्णी पुलाच्या मोऱ्यांत जाऊन अडकते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मिंढोळेचाही समावेश होता.

प्रदूषण म्हणजे केवळ दुर्गंधी अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी ६ जानेवारी २०२२ च्या पहाटेची घटना लक्षात घ्यावी. सुरतेजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रासायनिक द्रव्य चोरून नाल्यात सोडले जात होते. त्यातून निघालेल्या विषारी वायूने जवळच्या कारखान्यातील ६ कामगार मृत्युमुखी पडले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. रात्री नाल्यापाशी टँकर रिकामा करणाऱ्याने पाण्यावर कोणाचा पहारा नाही, असे गृहीत धरले होते. ज्या नाल्याकडे वस्तीची पाठ असते त्याच्या बाबतीत हे गृहीत सहसा चुकत नाही. काठावर वर्दळ, दिवे आणि बसण्यास जागा असेल तर टँकर तेथे येण्यास कचरतो. पुनरुज्जीवनाचा हा लाभ कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविला जात नाही.

दोन प्रकारचे पूर

सुरतेच्या पुरासंबंधी लिहिताना दोन गोष्टींची गल्लत होते. पहिला पूर तापीचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर शहराने बरीच तयारी केली. २००८ पासून आशियातील शहरांच्या हवामानविषयक उपक्रमात सुरत सामील झाली आणि धरणातील पाण्याच्या आवकेची व विसर्गाची पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभारण्यात आली.

दुसरा पूर खाडीचा. त्याचा धरणाशी संबंध नाही. शहराच्या पूर्वेकडील तालुक्यांत व शहरात जोराचा पाऊस पडला की काही तासांत खाड्या फुगतात. त्याच वेळी समुद्रास मोठी भरती असेल तर पाण्यास बाहेर पडण्यास वाव राहत नाही. खंभातच्या आखातालगतच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक मुंबईपेक्षाही अधिक असतो, आणि जमिनीचा उतार अत्यंत कमी. परिणामी पाणी मागे सरकत वस्तीत शिरते. २०२४ च्या जुलैत आणि पुन्हा २०२५ च्या जूनमध्ये हाच अनुभव आला. तापीच्या पुरास धरणाचे दरवाजे आहेत, त्यामुळे त्याची सूचना देता येते. खाडीच्या पुराची सूचना द्यावयाची तर बारडोली, पलसाणा, कामरेजकडील पर्जन्यमापकांची नोंद आणि भरतीचे वेळापत्रक यांची सांगड घालावी लागेल. वरच्या तालुक्यातील तलाठी आणि खालच्या शहरातील अभियंता यांचे एकमेकांशी काम पडते ते येथे.

कामाचा क्रम

खाडीसुधारणेची सुरुवात पुष्कळदा काठावरील फरसबंदी आणि बाकांपासून होते, कारण ते काम दिसते. क्रम उलटा असावयास हवा. प्रथम खाडीत येणारे सांडपाणी अडविले पाहिजे. काठाने नळी टाकून ते शुद्धीकरण केंद्रात नेणे हा त्याचा मार्ग. येणारी घाण न थांबविता काढलेला गाळ दुसऱ्या वर्षी पुन्हा तेथेच असतो. गाळ काढल्यावर तो कोठे टाकावयाचा हाही प्रश्न आहेच. शेततळ्याचा गाळ शेतात घालणे चांगले, परंतु रंगाईच्या पाण्याने भरलेल्या खाडीचा गाळ तपासणीविना शेतात घालू नये. त्यात जड धातू असू शकतात.

खाडीवर स्लॅब टाकून वर रस्ता करण्याचा मोह अनेक नगरपालिकांना होतो. जागा मिळते, दुर्गंधी झाकली जाते. पण झाकलेल्या खाडीतील गाळ काढणे अवघड होते, आत वायू साचतो आणि पुराच्या वेळी तिला फुगण्यास जागा उरत नाही. काठ सिमेंटने बांधून काढण्याचेही तसेच. जेथे घरे अगदी लगत आहेत तेथे भिंत अपरिहार्य असेल, परंतु जेथे मोकळी जागा आहे तेथे मातीचा उतरता काठ, गवत, करंज, जांभूळ आणि भरतीच्या पट्ट्यात तिवराची झाडे यांनी पाण्याचा वेग मंदावतो व मातीची धूप थांबते. मोकळी जागा ही पुराची जागा म्हणून राखावी आणि कोरड्या आठ महिन्यांत ती लोकांना वापरू द्यावी.

सुरत महानगरपालिकेने या दिशेने टाकलेली दोन पावले अभ्यासण्यासारखी आहेत. बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता दररोज ४ कोटी लिटर असून ते पाणी पांडेसरा औद्योगिक वसाहतीस विकत देण्यासाठी ही योजना आखण्यात आली. ज्या पाण्याने खाडी बिघडली असती त्या पाण्याचे पैसे झाले, आणि कारखान्यांची गोड्या पाण्याची मागणी तेवढी कमी झाली. दुसरे पाऊल काकरा खाडीच्या काठचे. अलथाण–भीमराड भागात हेडगेवार पुलापासून भीमराड–बमरोली पुलापर्यंत ८७ हेक्टरांचे जैवविविधता उद्यान उभारण्याचे ठरले आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याची पायाभरणी झाली. खाडीचा काठ झाडांसाठी राखून ठेवणे हा निर्णय योग्यच. मात्र हा काठ तुलनेने मोकळा होता. लिंबायत, पर्वत पाटिया या भागांतील मिठी खाडीचा काठ माणसांनी भरलेला आहे, आणि खरी कसोटी तेथे आहे.

काठ कोणाचा?

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथील चोंगेचोन ओढ्याचे उदाहरण जगभर दिले जाते. त्यावर बांधलेला उन्नत रस्ता पाडून २००३ ते २००५ या काळात ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा मोकळा करण्यात आला. शहराचा तो भाग बदलून गेला, लोक फिरावयास येऊ लागले, व्यापार वाढला. मात्र दोन गोष्टी क्वचितच सांगितल्या जातात. एक म्हणजे त्या ओढ्यात नैसर्गिक पाणी पुरेसे नसल्याने दररोज सुमारे १२ कोटी लिटर पाणी, बहुतांशी नदीतून उपसून, सोडावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे तेथील फेरीवाल्यांना आधी एका क्रीडांगणात हलविण्यात आले आणि काही वर्षांतच तेथूनही उठविण्यात आले. ओढा परत आला, त्यावर पोट भरणारे सगळे परत आले नाहीत.

सुरतेसही हा अनुभव अगदी अपरिचित नाही. तापीकाठच्या झोपडवस्त्यांतील अनेक कुटुंबांना २००६ च्या पुरानंतर तापीपलीकडे कोसाड येथे बांधलेली पक्की घरे मिळाली. घर पक्के झाले, परंतु कामाचे ठिकाण दूर गेले. धुणीभांडी करणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या स्त्रीस रोजचे बसभाडे मिळकतीतूनच द्यावे लागते. पुराच्या रेषेतील घर हलविणे आवश्यक असते, याबद्दल दुमत नाही. ते किती दूर हलवावे, हा निर्णय मात्र अभियंत्याने एकट्याने घेऊ नये.

छत्रपती संभाजीनगर येथील खाम नदीचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मलिक अंबरने वसविलेल्या या शहराच्या मध्यातून वाहणारी ही लहान नदी कित्येक वर्षे नाल्याच्या अवस्थेत होती. २०२१ मध्ये महानगरपालिका, छावणी मंडळ, एक उद्योगसमूह आणि स्थानिक संस्था यांनी मिळून लोखंडी पुलाच्या परिसरापासून काम सुरू केले. घरोघरच्या कचऱ्याची व्यवस्था लावणे हा नदीच्याच कामाचा भाग मानण्यात आला. काठावर फिरण्याची जागा झाली, झाडे लागली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरविषयक पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम यादीत या कामाचे नाव आले. मोठ्या बांधकामाची वाट न पाहता थोड्या थोड्या भागात काम करीत जाण्याची ही रीत मध्यम शहरांना अधिक मानवणारी आहे.

खाडीच्या कामातून वस्तीला रोजगार मिळतो तो दोन तऱ्हांनी. पहिला बांधकामाचा. तो दोन-तीन वर्षांत संपतो आणि बहुधा बाहेरच्या ठेकेदाराचे मजूर तो करतात. दुसरा देखभालीचा. जलपर्णी काढणे, मोऱ्या साफ ठेवणे, रोपवाटिका चालविणे, झाडांना पाणी घालणे, कचऱ्याचे वर्गीकरण, रात्रीचा पहारा, पुराच्या काळात सूचना देणे, ही कामे वर्षानुवर्षे चालणारी आहेत. त्यांस मोठे शिक्षण लागत नाही, पण पाण्याची ओळख लागते, आणि ती काठावरच्या माणसांपाशी असते. महिला बचत गटांना रोपवाटिका किंवा एखाद्या पट्ट्याची देखभाल ठरावीक मेहनतान्यावर सोपविता येते. ठरावीक हा शब्द महत्त्वाचा आहे. श्रमदानाची एक सकाळ छायाचित्रात चांगली दिसते, परंतु मोरीतील गाळ दर महिन्यास काढावा लागतो, आणि दर महिन्यास कोणी विनामूल्य येत नाही. काठाची जागा सुधारल्यावर तेथे आधीपासून चहा, भाजी वा वडापाव विकणाऱ्यांना प्रथम गाळे द्यावेत, ही अट योजनेतच लिहिलेली असावी. मागाहून ती घालता येत नाही.

वरच्या गावाचे काम

सुरतेची परिस्थिती अवघड आहे, बारडोलीची तशी अजून नाही. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात होती. नदीच्या दोन्ही काठांवरची पूररेषा आखून तेथील बांधकाम रोखणे, गावाचे सांडपाणी नदीत मिळण्यापूर्वी शुद्ध करणे, शेतातील चर व ओढे बुजवून त्यांवर भूखंड पाडू न देणे ही कामे आज जेवढ्या खर्चात होतील तेवढ्यात वीस वर्षांनी होणार नाहीत. उसास बेसुमार पाणी देण्याची सवय सुटली तर चरांत उतरणारे पाणी आणि त्याबरोबर वाहून जाणारी खते दोन्ही कमी होतील. जलपर्णी खतांवर पोसते, हे शेतकऱ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हंगामात ओढ्याकाठी उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांसाठी पिण्याचे पाणी आणि शौचालये यांची सोय करणे हेही नदीच्याच कामात मोडते. सहा महिने हजारो माणसे पाण्याच्या काठावर राहावयाची आणि त्यांची गणना कोणत्याच आराखड्यात व्हावयाची नाही, ही स्थिती बारडोलीच्या कीर्तीस शोभणारी नाही.

या सर्व कामास लागणारी माहिती गोळा करण्याची सुरुवात शाळेतही होऊ शकते. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि त्यांतील पुष्कळ मुलांची घरे खाडीपासून हाकेच्या अंतरावर असतात. शिक्षकाने पुलाच्या खांबावर रंगाने हात-हात अंतराच्या खुणा करवून घ्याव्यात. मुलांनी पाण्यात न उतरता, पुलावरूनच, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज ठरावीक वेळी पाणी कितव्या खुणेस आहे ते वहीत लिहावे. शेजारच्या रकान्यात त्या दिवसाची तिथी लिहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाऊस नसतानाही, पाणी एखादी खूण वर का चढते, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात वर्गात विचारला जाईल. बारडोलीच्या एखाद्या शाळेने मिंढोळेच्या पुलावर अशीच वही ठेवली आणि पावसाळ्याअखेर दोन्ही शाळांनी आपल्या वह्या एकमेकींकडे पाठविल्या, तर बारडोलीचे आकडे आणि खाडीचे आकडे शेजारी मांडून वरचे पाणी चढल्यावर खालचे पाणी त्याच दिवशी चढते की दुसऱ्या दिवशी ते मुलांना स्वतःच पाहता येईल.